खेळाडूची निवड : मैदानावर की मोबाईलवर?

(द्वितीय वर्ष, कला)

खेळाडू हा घडवावा लागतो, असे आपण नेहमी म्हणतो. ते खरेच आहे. परंतु घडविण्याच्या अगोदर तो कोणाच्या तरी नजरेस पडावा लागतो. उसाच्या फडावरून शाळेत येणाऱ्या मुलीच्या पायांत केवढा वेग आहे, गुरे राखणाऱ्या मुलाच्या मनगटात किती ताकद आहे, हे पाहणारे कोणी नसेल तर तो वेग आणि ती ताकद गावातल्या गावात विरून जाते. आजवर हे पाहण्याचे काम वस्ताद, क्रीडाशिक्षक आणि प्रशिक्षक करीत आले. गेल्या दहा-बारा वर्षांत त्या कामात मोबाईल शिरला आहे. गावच्या मैदानावरची एक चढाई इन्स्टाग्रामवर पडते, कोठल्या तरी दूरच्या कॉलेजचा प्रशिक्षक ती पाहतो आणि त्याच रात्री त्या खेळाडूला संदेश येतो : "आमच्याकडे ये. फी माफ, राहणे-खाणे फुकट."

या नव्या रीतीने खेळाडूचे भले किती होते, तीत धोका कोठे आहे आणि तिला नियमांची चौकट कशी घालता येईल, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. विषय आपल्या जिमखान्यातील प्रत्येकाच्या जिव्हाळ्याचा आहे. कारण असे संदेश आपल्यापैकी अनेकांच्या मोबाईलवर येऊन गेलेले आहेत.

पूर्वीची रीत

निवडीची जुनी रीत संथ होती, परंतु तीत माणूस माणसाला जबाबदार होता. जत्रेच्या फडात निकाली कुस्ती करणारा पोरगा वस्तादाच्या डोळ्यांत भरे. वस्ताद त्याला तालमीत आणी, वर्षभर त्याचा सराव पाही आणि मगच मोठ्या फडासाठी त्याचे नाव पुढे करी. पोरगा कच्चा निघाला तर वस्तादाचीच शोभा होई. साहजिकच शब्द जपून दिला जाई.

खाशाबा जाधवांचे उदाहरण सर्वांना ठाऊक आहे. कराडजवळच्या गोळेश्वरचा हा मल्ल १९५२ साली हेलसिंकीला निघाला, तेव्हा खर्चाची तोंडमिळवणी होईना. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. या घटनेकडे आपण खाशाबांचा पराक्रम म्हणून पाहतो. पण कॉलेजने खेळाडूला दिलेला शब्द म्हणजे काय, याचेही ते उदाहरण आहे. प्राचार्यांनी स्वतःचे घर पणाला लावले होते.

पुढे शासनाने निवडीला शास्त्राची जोड दिली. राज्याच्या क्रीडा प्रबोधिनीत मुले घेताना उंची, वजन, धावण्याचा वेग, उडी, चेंडूफेक, लवचिकता अशा चाचण्या घेतल्या जातात. राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे २००९ साली याच योजनेतून पुढे आला आणि १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस येथे ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स प्रकारात त्याने कांस्यपदक मिळविले. त्याला पाहणारे, मोजणारे आणि पंधरा वर्षे सांभाळणारे कोणीतरी होते.

अर्थात जुनी रीत निर्दोष होती असे मुळीच नव्हे. वस्तादाची ओळख नसलेला, शहरापासून लांबचा, गरिबाघरचा किंवा मुलगी असलेला खेळाडू पुष्कळदा दिसतच नसे. निवड समितीतील नातीगोती आणि गटबाजी यांविषयी तर बोलायलाच नको. मोबाईलचे स्वागत झाले ते याच कारणाने.

कॉलेजांना खेळाडू का हवे असतात?

पदकांना आज भाव आला आहे, हे आधी लक्षात घेतले पाहिजे. नॅकच्या मूल्यांकनाच्या आजवरच्या पद्धतीत विद्यार्थ्यांनी मिळविलेल्या पदकांची संख्या विचारली जात आली आहे. क्रीडाक्षेत्रात सर्वोत्तम ठरणाऱ्या विद्यापीठाला मौलाना अबुल कलाम आझाद करंडक दिला जातो. २०२० पासून खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धा सुरू झाल्या. भुवनेश्वरला झालेल्या पहिल्याच स्पर्धेत आपले सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ देशात दुसरे आले. चंडीगडचे पंजाब विद्यापीठ आणि आपण, दोघांचीही सुवर्णपदके १७. एकूण पदके मात्र त्यांची ४६ आणि आपली ३७. दुसरी स्पर्धा २०२२ मध्ये बंगळूरला झाली व ती जैन विद्यापीठाने जिंकली. २०२४ चा आझाद करंडक चंडीगड विद्यापीठाला मिळाला. ही दोन्ही खासगी क्षेत्रातील विद्यापीठे आहेत. फीमाफी, वसतिगृह, आहार आणि प्रशिक्षण देऊन देशभरातील खेळाडू आपल्याकडे आणण्याची ऐपत अशा संस्थांपाशी आहे. अनुदानावर चालणाऱ्या ग्रामीण कॉलेजला त्यांच्याशी स्पर्धा करणे जड जाते.

खेळाडूच्या बाजूनेही पदकाला मोल आहे. महाराष्ट्रात शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण २००५ पासून आहे आणि त्याची सुधारित नियमावली १ जुलै २०१६ च्या शासन निर्णयाने आली. खेलो इंडिया योजनेत निवड झालेल्या खेळाडूला दरमहा १०,००० रुपये हातखर्चासाठी मिळतात. मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारने खेलो इंडिया स्पर्धांतील पदकविजेत्यांनाही शासकीय नोकरीच्या खेळाडू-भरतीसाठी पात्र ठरविले. दोन एकरांच्या शेतकऱ्याच्या घरात याचा अर्थ काय होतो, ते आपल्याला कोणी समजावून सांगायला नको. म्हणूनच "आमच्याकडे ये, पदक मिळवून देतो" या वाक्याला आपण इतके भुलतो.

मोबाईलने केलेले भले

शासनानेही ही वाट स्वतः चोखाळली आहे. २८ ऑगस्ट २०१७ रोजी तत्कालीन उपराष्ट्रपती व्यंकय्या नायडू यांच्या हस्ते क्रीडागुण शोधण्याच्या एका राष्ट्रीय पोर्टलचे उद्घाटन झाले. खेळाडूने, पालकाने किंवा प्रशिक्षकाने आपली माहिती व चित्रफीत तेथे चढवावी आणि भारतीय क्रीडा प्राधिकरणाने तीतून मुले निवडावीत, अशी ती कल्पना होती. १२ मार्च २०२४ रोजी चंडीगडला 'कीर्ती' योजना सुरू झाली. तीत ९ ते १८ वर्षांच्या मुलामुलींच्या चाचण्या घेतल्या जातात.

गावोगावच्या कबड्डी स्पर्धा आज यूट्यूबवर थेट दिसतात. इंदापूर किंवा बारामती तालुक्यातील सामना मुंबईत बसलेला प्रशिक्षक पाहू शकतो. ज्याच्या वडिलांनी कधी पुण्याचे मैदान पाहिले नाही, त्याचा खेळ पुण्याला पोहोचतो. खो-खो तर कित्येक वर्षे शाळेच्या पटांगणातच राहिला होता. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिली खो-खो विश्वचषक स्पर्धा झाली आणि पुरुष व महिला या दोन्ही गटांत भारत जिंकला. प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे हे दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे. त्या सामन्यांचे तुकडे मोबाईलवर पाहूनच आमच्या भागातील अनेक मुलींच्या घरी "पोरीला खेळू द्या" असे पहिल्यांदा बोलले गेले. हे श्रेय समाजमाध्यमांना दिलेच पाहिजे.

चित्रफितीत न दिसणारा खेळ

परंतु दिसते तसे नसते, ही म्हण आपल्याकडे उगाच पडलेली नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये मध्य प्रदेशातील शिवपुरी जिल्ह्यातल्या रामेश्वर गुर्जर या तरुणाची चित्रफीत देशभर फिरली. अनवाणी धावत तो १०० मीटर अंतर ११ सेकंदांत कापतो, असे सांगितले जात होते. माजी मुख्यमंत्र्यांपासून केंद्रीय क्रीडामंत्र्यांपर्यंत सर्वांनी दखल घेतली. भोपाळच्या टी. टी. नगर स्टेडियममध्ये त्याची चाचणी झाली. तो सर्वांच्या मागे राहिला. वेळ लागला १२.९ सेकंद. प्रसिद्धीच्या दडपणाखाली तो धावला, असे क्रीडामंत्र्यांनीही म्हटले.

पुढे फेब्रुवारी २०२० मध्ये दक्षिण कन्नड जिल्ह्यातील श्रीनिवास गौडा या कंबळा शर्यतीतील जॉकीचे तसेच झाले. म्हशींच्या जोडीमागे चिखलातून धावत त्याने १४२.५ मीटर अंतर १३.६२ सेकंदांत कापले. कोणीतरी त्रैराशिक मांडले, १०० मीटरला ९.५५ सेकंद असा हिशेब काढला आणि उसेन बोल्टच्या ९.५८ सेकंदांच्या विश्वविक्रमाशी त्याची तुलना केली. क्रीडा प्राधिकरणाने त्याला चाचणीसाठी बोलाविले. पण चिखलातील शर्यत निराळी आणि धावपट्टी निराळी, हे ओळखून त्याने नम्रपणे नकार दिला. त्या गदारोळात सर्वांत शहाणपणाने वागला तो हा खेळाडूच.

या दोन्ही तरुणांनी कोणालाही फसविलेले नाही. चूक पाहणाऱ्यांची होती. अर्ध्या मिनिटाच्या चित्रफितीला त्यांनी पुरावा मानले.

कॉलेजच्या खो-खो सामन्यांत गुणलेखनाचे काम मी करते, म्हणून या गोष्टीचा थोडा खुलासा करते. खो-खोच्या चित्रफितीत काय दिसते? खांबावरचा सूर दिसतो, आणि तो दिसायला सुंदर असतो, यात शंका नाही. पण संरक्षण करणारी मुलगी किती मिनिटे व किती सेकंद टिकली, हे तीत दिसत नाही. ते गुणपत्रकात असते. आक्रमणात तिने किती गडी बाद केले आणि किती वेळा चुकीचा खो दिला, हेही तेथेच असते. कबड्डीत चढाईपटूची एक झेप लाखो लोक पाहतात. पण त्याच सामन्यात तो किती वेळा पकडला गेला, तिसऱ्या निर्णायक चढाईत त्याने काय केले, संघ पाच गुणांनी मागे असताना त्याचे डोके ठिकाणावर होते काय, हे सगळे कापून टाकलेले असते. खेळाडू आपला चांगला भाग दाखवणार, यात गैर काही नाही. लग्नाच्या फोटोसाठी आपणही चांगलेच कपडे घालतो. प्रश्न असा की, निवड करणाऱ्याने गुणपत्रक मागितले की नाही.

एक उलटा धोकाही आहे. आज खेळाडूचा खेळ पाहण्याआधी त्याचे खाते पाहिले जाते. अमेरिकेत २०१२ साली न्यू जर्सीतील एका शालेय फुटबॉलपटूला ट्विटरवरील अश्लाघ्य मजकुरामुळे शाळेने काढून टाकले आणि मिशिगन विद्यापीठानेही त्याचा नाद सोडला. सोळाव्या-सतराव्या वर्षी रागाच्या भरात लिहिलेली ओळ खेळाडूच्या वाटेत आडवी येऊ शकते, हे आपणही ध्यानात ठेवावे.

सांगवीच्या अंगणातला प्रश्न

आता आपल्या भागाकडे वळू. सांगवीच्या पलीकडे नीरा नदी आहे आणि नदी ओलांडली की फलटण तालुका, म्हणजे सातारा जिल्हा. इंदापूरच्या बाजूने पलीकडे गेले की माळशिरस तालुका, म्हणजे सोलापूर जिल्हा. पुणे विद्यापीठ १९४९ चे, कोल्हापूरचे शिवाजी विद्यापीठ १९६२ चे आणि सोलापूरचे २००४ चे. आमच्या भागातील खेळाडू या तिन्ही विद्यापीठांच्या कॉलेजांना हाताशी आहे. बारावीनंतर एखादी चांगली खो-खोपटू कोठे जाईल, यावर तीन विद्यापीठांच्या संघांचे गणित थोडेफार हलते. म्हणूनच मे-जूनमध्ये संदेश सुरू होतात. पदवीच्या मध्येच कोणी या भूलथापांना बळी पडून विद्यापीठ बदलले, तर स्थलांतर प्रमाणपत्र, पात्रता आणि विषयांची जुळवणी हे सोपस्कार मागे लागतात. नदी ओलांडायला पूल आहे. कागदपत्रांना तितका सोपा रस्ता नाही.

आमच्या परिसरातील एका मुलीची हकीकत सांगते. तिचे आणि त्या संस्थेचे नाव सांगण्याचे कारण नाही. बारावीत असताना तिची एक चित्रफीत बरीच पाहिली गेली. परजिल्ह्यातील एका कॉलेजच्या नावाने इन्स्टाग्रामवर संदेश आला. फी माफ, वसतिगृह मोफत, मेस मोफत, बूट आणि गणवेश मिळेल, असे कबूल झाले. वडिलांनी उसाच्या बिलातून प्रवासाचे पैसे काढले. प्रवेश झाला. दोन महिन्यांनी मेसचे बिल हातात आले. कार्यालयात विचारले तर, "असे कोणी सांगितले? लेखी दाखव," हे उत्तर मिळाले. संदेश पाठविणारा तात्पुरता प्रशिक्षक होता आणि तोपर्यंत तो दुसरीकडे गेला होता. मोबाईलवरचे संदेशही आपोआप पुसले जातील अशा बेताने पाठविलेले होते. त्यातच सरावात तिचा गुडघा दुखावला. दिवाळीला ती परत आली ती कायमची. त्या वर्षी ती कोणत्याच कॉलेजकडून खेळली नाही आणि परीक्षेचे वर्षही गेले. आता ती पुन्हा प्रथम वर्षाला बसली आहे.

या प्रकरणात कायदा कोणी मोडला? काटेकोरपणे पाहिले तर कोणीच नाही. कॉलेजने काही लिहून दिले नव्हते. प्रशिक्षकाला कोणी नेमलेला अधिकार नव्हता. मुलीने मैदानावरच्या माणसाचा शब्द प्रमाण मानला, कारण मैदानावर तसाच शब्द चालतो. नुकसान मात्र तिचेच झाले.

आणखी एक गोष्ट विसरून चालणार नाही. आमच्यापैकी कित्येकांच्या घरात कॉलेजची पायरी चढणारे आम्हीच पहिले आहोत. आईवडील कष्टाळू आहेत, व्यवहारालाही पक्के आहेत. बैल घेताना ते दात मोजतात, जमीन घेताना सातबारा पाहतात. पण कॉलेजच्या प्रवेशात काय मोजायचे आणि कोणता कागद मागायचा, हे त्यांना कोणी सांगितलेले नाही. संदेश पाठविणाऱ्याला हे चांगले ठाऊक असते. मुलींच्या बाबतीत तर अधिकच जपावे लागते. रात्री अकरा वाजता येणारा अनोळखी प्रशिक्षकाचा संदेश खेळाविषयी आहे की आणखी कशाविषयी, हे ओळखण्याचा भार सतरा वर्षांच्या मुलीवर का पडावा?

अमेरिकेने काय केले?

कॉलेजांनी शाळकरी खेळाडू हेरून आणण्याचा व्यवहार सर्वांत मोठा कोठे असेल तर तो अमेरिकेत. तेथील कॉलेज क्रीडा संघटना एन.सी.ए.ए. ही १९०६ साली स्थापन झाली. सुमारे ११०० शिक्षणसंस्था तिच्या सभासद आहेत. खेळाडूशी कोणी, केव्हा आणि कसा संपर्क साधावा, याचे नियम तिने केले आहेत.

त्यांतील काही पाहण्यासारखे आहेत. २००७ साली प्रशिक्षकांनी खेळाडूंना मोबाईलवर लघुसंदेश पाठविण्यास तिने बंदी केली, कारण मुलांना दिवसरात्र संदेशांचा भडिमार सोसावा लागत होता आणि त्या काळी आलेल्या संदेशाचेही पैसे त्यांनाच पडत. पुढील काळात मोबाईल सर्वांच्या हाती आला, तशी ती बंदी टप्प्याटप्प्याने सैल झाली. १ ऑगस्ट २०१६ पासून वरिष्ठ विभागातील प्रशिक्षकाला खेळाडूची पोस्ट आवडल्याची खूण करता येते, ती पुढे पाठविता येते. परंतु खेळाडूने कॉलेज पक्के करण्यापूर्वी तिच्याखाली सर्वांसमक्ष काही लिहिता येत नाही. बहुतेक खेळांत खासगी संदेश आणि फोन यांची मुभा दहावीचे वर्ष संपल्यावर १५ जूनपासूनच मिळते. खेळाडूने सही करण्यापूर्वी कॉलेजने त्याच्याविषयी जाहीर बढाई मारू नये, असाही नियम आहे.

तेथे सारे आलबेल आहे असे नव्हे. १ जुलै २०२१ पासून खेळाडूंना आपल्या नावाचा व छायाचित्राचा मोबदला घेता येऊ लागला. त्यामुळे मैदानावरील गुणांबरोबर फॉलोअरांची संख्याही पैशांत मोजली जाऊ लागली. ६ जून २०२५ रोजी न्यायालयाने मान्य केलेल्या तडजोडीनंतर कॉलेजे खेळाडूंना थेट पैसे देऊ लागली. एवढा पैसा आल्यावर नवे तंटेही आले. त्या सगळ्याचे अनुकरण करण्याचे आपल्याला कारण नाही आणि ऐपतही नाही.

पण एक तत्त्व घेण्यासारखे आहे. संपर्काच्या या नियमांनी बांधले आहे ते प्रशिक्षकाला आणि कॉलेजला. मुलाने आपली चित्रफीत टाकावी, हव्या त्या प्रशिक्षकाला पत्र लिहावे, त्याला आडकाठी नाही. बंधन बलवानावर आहे.

आपल्याकडचे कायदे

आपल्याकडे अशी संपर्काची नियमावली नाही. आंतरविद्यापीठ स्पर्धांसाठी भारतीय विद्यापीठ संघाचे पात्रतेचे नियम आहेत. ते वय, प्रवेश आणि शिक्षण पाहतात. खेळाडू कोणत्या आश्वासनावर आला, हे ते विचारीत नाहीत.

तरीही काही कायदे आपल्या उपयोगाचे आहेत. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ साली असे बजावले आहे की, कोणत्याही संस्थेने विद्यार्थ्याची मूळ प्रमाणपत्रे अडवून ठेवू नयेत आणि प्रवेश रद्द केल्यास ठरलेल्या मुदतीनुसार फी परत करावी. हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालील मुलाची माहिती वापरण्यापूर्वी पालकांची खातरजमा केलेली संमती आवश्यक ठरविली. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर झाले आणि मुख्य बंधनांच्या अंमलबजावणीसाठी दीड वर्षाची मुदत ठेवण्यात आली. २०२५ च्या राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायद्यात महिला व अल्पवयीन खेळाडूंच्या सुरक्षिततेच्या धोरणाची तरतूद आहे. तिचा रोख मात्र मुख्यतः क्रीडा महासंघांवर आहे. पैसे उकळणाऱ्या खोट्या 'निवडी'चा संदेश आला, तर सायबर गुन्ह्यांसाठी १९३० हा दूरध्वनी क्रमांक आहे.

एक उणीव मात्र फार बोलकी आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने शिकवणी वर्गांच्या फसव्या जाहिरातींविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे काढली. यशस्वी विद्यार्थ्याचे छायाचित्र त्याच्या लेखी संमतीवाचून वापरू नये आणि ती संमतीही यश मिळाल्यानंतरच घ्यावी, अशी चांगली अट त्यांत आहे. पण शिकवणी म्हणजे काय, याच्या व्याख्येतून नृत्य, नाट्य यांच्याबरोबर क्रीडा वगळलेली आहे. गणिताच्या वर्गाने विद्यार्थ्याचा फोटो फलकावर लावला तर संमती हवी; खेळाच्या अकादमीला मात्र ही तत्त्वे लागू नाहीत.

काय करता येईल?

तेव्हा दिल्लीचा नवा कायदा येईपर्यंत थांबण्यापेक्षा विद्यापीठाच्या क्रीडा व शारीरिक शिक्षण मंडळाने पुढील चार गोष्टी ठरविल्या तर पुष्कळ काम होईल.

पहिली, खेळाडूला दिलेला प्रस्ताव लेखी असावा. कॉलेजच्या पत्रावर, प्राचार्यांच्या सहीने, मराठीत. फी, वसतिगृह, जेवण, साहित्य यांपैकी काय मिळणार, किती वर्षे मिळणार, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, दुखापत झाली तर काय, हे त्यात स्पष्ट असावे.

दुसरी, १८ वर्षांखालील खेळाडूशी संपर्क पालक किंवा शाळेच्या क्रीडाशिक्षकांमार्फतच व्हावा. महिला खेळाडूंच्या संपर्कात एक प्राध्यापिका असावी.

तिसरी, महाविद्यालयीन व आंतरविभागीय सामन्यांची गुणपत्रके विद्यापीठाने सर्वांना पाहता येतील अशी प्रसिद्ध करावीत. तसे झाले तर ज्याच्याकडे चांगला मोबाईल नाही, त्याचाही खेळ कागदावर दिसेल आणि चित्रफितीची शहानिशा करता येईल. बोगस क्रीडा प्रमाणपत्रांनाही त्यामुळे थोडा आळा बसेल.

चौथी, दिलेला शब्द न पाळल्यास तक्रार कोणाकडे करावी, त्या अधिकाऱ्याचे पद आणि मुदत ठरलेली असावी.

यांपैकी एकाही गोष्टीला मोठा खर्च नाही. कोणी म्हणेल, नियमांचा बडगा आला तर प्रशिक्षक खेड्याकडे फिरकणारच नाहीत आणि खेड्यातील मुलांची एकुलती एक संधी जाईल. ही शंका रास्त आहे. परंतु ज्याला खरोखर खेळाडू हवा आहे, त्याला एक पत्र लिहून देणे जड का जावे? पत्र द्यायला जो कचरतो, त्याचे निमंत्रण गेले तर खेळाडूने काय गमावले? खेळाडूने काय दाखवावे, यावर बंधन नको. त्याला बोलावणाऱ्याने काय कबूल केले, ते मात्र कागदावर हवे.

विद्यापीठाचे नियम होतील तेव्हा होतील. आपल्या जिमखान्यापुरते आपण आजच काही करू शकतो. बाहेरच्या खेळाडूला आपल्या कॉलेजात बोलाविताना आपणही लेखीच बोलावू या. दुसऱ्याला सांगण्यापूर्वी ते आपण करावे. बारावीच्या मुलामुलींना आलेले संदेश वाचून समजावून देण्यासाठी मे-जूनमध्ये जिमखान्यातील दोन ज्येष्ठ खेळाडूंनी आठवड्यातून एक दिवस बसावे, अशी माझी प्राध्यापकांना विनंती आहे. मुलांनी तेथे एवढेच विचारावे : हा माणूस त्या कॉलेजचा आहे का, हे कार्यालयात फोन करून पाहिले का? काय मिळणार, ते लिहून दिले का? गुडघा दुखावला तर काय? शिकायला हवे ते विषय तेथे आहेत का? मूळ गुणपत्रिका दाखवून परत घेतली का?

यांतला विषयांचा प्रश्न मी मुद्दाम घातला आहे. खेळाडूचे मैदानावरील आयुष्य थोडे असते. पंचविशी-तिशीनंतर त्याच्या हाती राहते ते शिक्षण. कॉलेजने बोलाविताना त्याच्या पायांचा विचार केला असेल. त्याच्या पदवीचा विचार त्याने स्वतः आणि त्याच्या शिक्षकांनी केला पाहिजे.

मोबाईल आता हातातून जाणार नाही, जाऊही नये. नीरेकाठच्या मुलीचा खेळ त्याच्यामुळे देशाला दिसतो, ही लहान गोष्ट नाही. परंतु खेळ दिसल्यानंतर जो शब्द दिला जातो, त्याच्यामागे राजाराम कॉलेजच्या प्राचार्यांप्रमाणे कोणीतरी उभे असले पाहिजे. घर गहाण ठेवण्याची गरज आज नाही. प्राचार्यांची सही आणि कॉलेजचा शिक्का असलेला एक कागद पुरेसा आहे, आणि तो मागण्याची सवय आपण यंदाच्या प्रवेशापासूनच लावून घ्यावी.